खारफुटीत शिरलं की पक्षी जातात कुठे?

ओलीपावलं
जानेवारीत पहिल्यांदाच खारफुटीच्या आतून जाणाऱ्या लाकडी पुलावरून फिरले. जाण्याआधी "खारफुटी म्हणजे पक्ष्यांचं माहेरघर" हे इतक्या ठिकाणी वाचलं होतं की डोळ्यांसमोर फांदीफांदीवर पक्षी होते. प्रत्यक्षात तासाभरात सहा प्रकारही झाले नाहीत. एक खंड्या, दोन ढोकऱ्या, एक कोतवाल, वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार आणि झाडीतून सारखा कुरकुरणारा कोणीतरी, जो शेवटपर्यंत दिसला नाही. डास मात्र मोजदादीपलीकडचे.

पूल संपून खाडी उघडी झाली तेव्हा लांब पाण्याच्या कडेला हजारभर ठिपके दिसले, कोणीतरी मूठभर मिरी सांडावी तसे. दुर्बिणीतूनही कोण ते कळेना.

तर प्रश्न असा, की ज्याला आपण खारफुटीची पक्षीविविधता म्हणतो ती नेमकी असते कुठे? झाडांत की झाडांबाहेर? की मलाच बघता येत नाही? (हा पर्याय खुला आहे, बिनधास्त लिहा.)

शेकाट्या
तिथी कोणती होती?

ओलीपावलं
पौर्णिमा. सकाळी आठच्या सुमारास गेले होते. उपासाबद्दल विचारत असाल तर नव्हता. :)

शेकाट्या
उपासाचं राहू द्या, उत्तर त्या तिथीतच आहे. कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा पाणी वळून दोन-अडीच तासच झाले होते आणि उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येची मोठी) ओहोटी असल्यामुळे चिखल पार लांबवर उघडा पडलेला. अशा वेळी किनारपक्षी झाडांपाशी कशाला थांबतील? सगळे पाण्याच्या रेषेवर. अन्न ताजं तिथेच असतं. ओला चिखल मऊ असतो, किडे आणि शिंपले वरच्या थरात असतात. तोच चिखल दोन तास उन्हात राहिला की किडे खाली जातात आणि चोच रुतवणंही जड होतं.

पाणी चढायला लागलं की ही रेषा तुमच्याकडे सरकते. भरतीच्या आधीचे दीड-दोन तास एका जागी बसून राहा, पक्षी आपणहून जवळ येतात. खाडीवर घड्याळापेक्षा पंचांग उपयोगी पडतं, हे मी पंधरा वर्षं चुकीच्या वेळी जाऊन शिकलोय.

मारांडी
शेकाट्या यांनी चिखलाचं सांगितलं, मी झाडांचं सांगते. मूळची वनस्पतीवाली आहे, पक्षी नंतर चिकटले.

आत पक्षी कमी दिसले यात तुमच्या नजरेचा दोष थोडाच आहे. खारफुटी हे पक्ष्यांच्या हिशेबाने अवघड जंगल आहे. साध्या जंगलात काय काय असतं बघा: उंच झाडं, मधली झाडं, झुडपं, पालापाचोळा, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळं बिऱ्हाड. तिवरांच्या (आपल्याकडचं नेहमीचं खारफुटीचं झाड) राईत हे मजलेच नसतात. बरीचशी झाडं एकाच उंचीची, खाली झुडूप नाही आणि जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली. पाचोळा उकरत फिरणाऱ्यांना आणि जमिनीवर घरटं करणाऱ्यांना तिथे थारा नाही.

दुसरं म्हणजे फळं. वड-उंबरासारखं मऊ, गोड काही खारफुटीत जवळजवळ नसतंच. कांदळाच्या लोंबत्या शेंगा म्हणजे झाडावरच रुजलेली रोपं, त्या कोणा पोपटाच्या कामाच्या नाहीत. म्हणून फळखाऊ आणि दाणेखाऊ पक्षी इथे फार कमी. जे उरतात ते कीटक टिपणारे, मासे-खेकडे पकडणारे आणि थोडे मध पिणारे.

मधावरून आठवलं. झुंबराच्या गटातल्या ब्रुगिएरा या खारफुटीच्या झाडाच्या मोठ्या लालसर फुलांत पाकळ्यांच्या घडीत परागकण दाबून भरलेले असतात. शिंजीराने चोच घातली की पाकळी फटकन उघडते आणि पराग त्याच्या डोक्यावर उडतात. चिप्पी या दुसऱ्या खारफुटीचं फूल मात्र रात्री उमलतं आणि वटवाघळांची वाट बघतं. सकाळी चिप्पीखाली पुंकेसरांचा सडा पडलेला दिसतो, तोवर सगळं उरकलेलं असतं.

दुर्बीणवाला
मारांडीताईंशी अर्धा सहमत. तुम्ही तिवरांच्या एकसुरी राईबद्दल बोलताय. सुंदरबन किंवा ओडिशातलं भितरकनिका बघितलंत तर "अवघड जंगल" म्हणणार नाही. भितरकनिकात एकाच होडीफेरीत मी पाच प्रकारचे खंड्ये पाहिलेत आणि तिथे आठ प्रकारांची नोंद आहे. तपकिरी पंखांचा तो मोठा खंड्या तर जवळजवळ पूर्णपणे खारफुटीवरच जगतो. लाल जाड चोच, आवाज असा की होडीवाल्याआधी आपण दचकतो. शिवाय खारफुटीतला नवरंग. साध्या नवरंगापेक्षा त्याची चोच जाड आणि लांब, कारण त्याला खेकडे फोडायचे असतात. ओहोटीला तो मुळांच्या जंजाळात उड्या मारत खेकडे धरतो. म्हणजे जमिनीवर खाणाऱ्यांना थारा नाही हे सरसकट खरं नाही.

मारांडी
मान्य, नवरंगाबद्दल चूक कबूल. "थारा नाही" ऐवजी "सहा तासांच्या भाडेपट्ट्यावर जागा मिळते" असं म्हणते. पण तो घरटं कुठे करतो?

दुर्बीणवाला
कधी मुळांच्या बेचक्यात, कधी भरतीच्या वर राहणाऱ्या उंचवट्यावर. मुद्दा तुमचाच जिंकला म्हणा.

खाजणातला
इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. "खारफुटीत दिसणारे पक्षी" आणि "खारफुटीशिवाय न जगणारे पक्षी" या दोन याद्या आहेत. पहिली यादी कुठेही शेकड्यात जाते. दुसरी अख्ख्या जगाची केली तरी पन्नासच्या आसपास थांबते, आणि तीही फार विषम वाटलेली आहे.

सगळ्यांत मोठा वाटा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याचा. तिथे खारफुटीचा रॉबिन, चेस्टनट रेल असे खास रहिवासी डझनाच्या वर आहेत. एक तर्क असा, की तिथे खारफुटीच्या मागे दाट ओलं जंगल नाही, कोरडा प्रदेश आहे. जंगलातून आलेले पक्षी त्या हिरव्या पट्टीत अडकले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच झाले. जिथे खारफुटीला लागूनच घनदाट जंगल असतं तिथे मागच्या दाराने शेजारी ये-जा करत राहतात आणि स्वतंत्र जात तयार व्हायला उसंत मिळत नाही.

अमेरिका खंडात असे खास पक्षी कमी, पण जे आहेत ते टोकाचे. कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा खारफुटीचा हमिंगबर्ड जगात दुसरीकडे कुठेच नाही. गालापागोसच्या इसाबेला बेटावरची खारफुटी फिंच शंभरेक उरली आहे, आणि माणसाने बाहेरून नेलेल्या एका माशीच्या अळ्या घरट्यात तिच्या पिलांचं रक्त पितात. आपल्या बाजूला बांगलादेशच्या सुंदरबनात मास्क्ड फिनफूट आहे, पाणकोंबडीच्या लांबच्या नात्यातला लाजरा पक्षी. जगात काही शेकडाच उरलेत.

आणि "खास" हेही जागेवर अवलंबून असतं बरं का. पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या आपल्याकडे खाडी सोडत नाही. सिंगापुरात तोच बागेतल्या तारेवर बसून सरडे पकडतो.

ओलीपावलं
हा पांढऱ्या गळपट्ट्याचा महाराष्ट्रात आहे? मी तर फक्त अंदमानच्या फोटोंत पाहिलाय.

खाजणातला
आहे, आणि त्याला स्वतःचं नावही आहे. रत्नागिरीपासून खाली केरळपर्यंतच्या उपजातीला शार्प या पक्षीतज्ज्ञाने १८९२ मध्ये 'विडाली' नाव दिलं. विडाल नावाचा ब्रिटिश मुलकी अधिकारी रत्नागिरीकडे नेमणुकीवर होता, त्याने १८८० च्या सुमारास दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी केली होती. सरकारी कामातून फावल्या वेळात खाड्या पालथ्या घातल्या बिचाऱ्याने. पक्षी मोजकेच आणि विखुरलेले आहेत. निळा-पांढरा खंड्या दिसला की "नेहमीचाच" म्हणून सोडू नका. आपल्या नेहमीच्या खंड्याचं डोकं आणि पोट तपकिरी असतं. याचं पोट शुभ्र, डोकं निळसर-हिरवं आणि मानेभोवती पांढरा पट्टा.

मीठभाकर
एक भाबडा प्रश्न. हे सगळे पक्षी पाणी काय पितात? सगळीकडे तर खारं.

शेकाट्या
अजिबात भाबडा नाही. कुरव (सीगल), सुरय, रोहित (फ्लेमिंगो), किनारपक्षी यांना डोळ्यांच्या वर मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. जादा मीठ नाकपुड्यांतून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. कुरव मधूनच डोकं झटकतो तेव्हा तो तेच करत असतो. वटवट्या, शिंजीर यांच्यासारख्या छोट्या पक्ष्यांकडे ही सोय नाही. त्यांना किडे, अळ्या आणि मधातूनच पाणी मिळवावं लागतं, नाहीतर गोड्या पाण्याकडे फेरी मारावी लागते. गाणाऱ्या पक्ष्यांपैकी फारसे कोणी खारफुटीत कायमचे का राहत नाहीत, याचं एक कारण हेही असेल.

नावातकायआहे
अवांतर: कोणीतरी टिलवा, तुतारी आणि तुतवार या छोट्या किनारपक्ष्यांच्या नावांचा एकदाचा निकाल लावा. एका पुस्तकात जो टिलवा तो दुसऱ्यात तुतारी. आमच्याकडे आजोबा सगळ्यांनाच "चिखल्या" म्हणत आणि त्यांचं कधी काही अडलं नाही.

दुर्बीणवाला
आजोबांना +१. हिवाळ्यातले करडे किनारपक्षी मलाही पाचांतले तीन "चिखल्याच" वाटतात. कुरल, शेकाट्या (पक्षी, इथले सदस्य नव्हेत), उचाट्या तेवढे भांडण न होता ओळखता येतात.

हिरवागार
चर्चा छान चालली आहे. पण मुळात खारफुटी राहिली तर पक्षी राहतील ना? आमचा गट गेली चार वर्षं खाडीच्या उघड्या चिखलात रोपं लावतोय. यंदा ओसाड पडलेला बराच मोठा पट्टा हिरवा केला. त्यामुळे "झाडांत पक्षी नाहीत" हा सूर मला खटकला. चुकीच्या माणसांच्या हातात पडला तर उद्या कोणीतरी म्हणेल, मग तोडा.

शेकाट्या
तोडा असं कोणीच म्हटलेलं नाही. पण तुमचा "ओसाड" शब्द मला जास्त खटकला.

उघडा चिखलपट्टा ओसाड नसतो, तेच तर ताट आहे. माणसाला तिथे हिरवं काही दिसत नाही म्हणून ती जागा रिकामी वाटते. सैबेरियाकडून येणारा पाणटिवळा किंवा कुरल पाच हजार किलोमीटर उडून त्या ताटासाठी येतो. तिथे तिवर उभा राहिला की दोन गोष्टी होतात. मुळांच्या जाळ्यात गाळ साचून जमीन वर उचलली जाते, आणि नजर अडते. किनारपक्ष्यांना खाताना चारी बाजू मोकळ्या लागतात, कारण झाडाआडून बहिरी ससाणा कधी येईल ते सांगता येत नाही. झाडं दाटली की तो तुकडा त्यांच्या यादीतून बाद.

हाँगकाँगच्या माय पो भागात चिखलपट्ट्यावर पसरणारी परदेशी चिप्पीची रोपं मुद्दाम उपटतात, किनारपक्ष्यांसाठी जागा मोकळी राहावी म्हणून. ठाणे खाडीतही गेल्या काही दशकांत गाळ आणि सांडपाण्यामुळे खारफुटी आत सरकली आणि चिखलपट्टे आक्रसले. ते कोणी लावलं नाही, आपोआप झालं. त्यात आपण आणखी हातभार का लावायचा?

हिरवागार
म्हणजे चार वर्षं आम्ही पक्ष्यांचं वाटोळं केलं असं म्हणायचंय?

शेकाट्या
तसं नाही हो. जागा न पाहता मी बोलणार नाही. तिथे आधी खारफुटी होती आणि तुटली असेल, तर लावणं योग्यच. बांध घालून पाणी अडवलं असेल, तर तो बांध फोडला की बहुतेक वेळा रोपं लावावीही लागत नाहीत, भरतीच बिया आणून टाकते. पण कधीच झाडं नव्हती अशा उघड्या चिखलात रांगेने रोपं खोवली असतील, तर आधी एक हिवाळा तिथे पक्षी मोजून मग ठरवा एवढंच म्हणतो.

खाजणातला
हिरवागार यांची भीती अनाठायी नाही. महाराष्ट्रात खारफुटीला जे संरक्षण मिळालं ते झगडून मिळालं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली, २०१२ मध्ये खारफुटीसाठी वन विभागाचा वेगळा कांदळवन कक्ष झाला, २०१८ च्या निकालाने ते संरक्षण पक्कं केलं. राज्यातलं खारफुटीचं क्षेत्र २०२१ च्या वन अहवालात ३२४ चौरस किलोमीटर होतं. इतकं थोडं असताना कोणी "झाडं नकोत" असं म्हटल्याचा भास झाला तरी धस्स होतं.

पण कागदावर चिखलही एकटा पडलेला नाही. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत जैविक दृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे खारफुटीच्याच बरोबरीने सर्वांत संवेदनशील वर्गात आहेत. ठाणे खाडीतलं रोहित अभयारण्य घ्या. २०१५ मध्ये घोषित झालं तेव्हाच्या १,६९० हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर लगतचा पाण्याचा भाग. जवळजवळ निम्मं निम्मं. लाखावर रोहित येतात ते त्या दुसऱ्या निम्म्यासाठी. तिवराच्या फांदीवर बसलेला रोहित अजून कोणी पाहिलेला नाही.

मारांडी
आणि तरीही त्या दुसऱ्या निम्म्याचं पोट पहिलं निम्मं भरतं! गळलेली पानं कुजून चिखलात मिसळतात, त्यावर जिवाणू, त्यावर किडे, खेकडे, कोळंबीची पिल्लं. चिखलावर झाडं लावू नका हे पटलं, पण झाडांना "फक्त मागचा पडदा" करू नका.

उलटा व्यवहारही आहे. बगळ्यांची सारंगागारं (एकत्र घरटी करायच्या जागा) ज्या खारफुटीत असतात तिथे विष्ठेचं खत पडतं आणि झाडं जोमाने वाढतात. फ्लोरिडातल्या एका बेटावर हे मोजलं गेलं होतं. गंमत म्हणजे तिथली पानं जास्त पौष्टिक झाल्यामुळे त्यांच्यावर किडेही जास्त तुटून पडत होते. म्हणजे बगळ्याने झाडाला खत दिलं आणि अळ्यांना आमंत्रणही.

दुर्बीणवाला
सारंगागाराचं निघालंच आहे तर भितरकनिकातला पावसाळा सांगतो. हजारोंनी उघड्या चोचीचे करकोचे तिथल्या झाडांवर घरटी करतात. खातात काय, तर भाताच्या खाचरांतल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगाई. म्हणजे बाळंतपण खारफुटीत आणि शिधा शेतातून. त्या पक्ष्याला खारफुटीच्या यादीत घालायचं की शेताच्या? म्हणून मला याद्यांचा कंटाळा येतो.

खाजणातला
याद्यांमधली आणखी एक गोम. बहुतेक नोंदी होडीतून किंवा पुलावरून झालेल्या असतात, म्हणजे काठावरच्या. काठाला खंड्या, बगळे, तुतारी भरपूर, त्यामुळे यादी भरगच्च होते. आतल्या दाट भागात नजर दहा हातांपलीकडे जात नाही आणि पाय गुडघाभर रुततात. तिथे कान वापरावे लागतात, तेही पहाटे. धागाकर्तीला झाडीतून ऐकू आलेला तो कुरकुऱ्या हा तिच्या सकाळचा सर्वांत खरा खारफुटीवाला असण्याची शक्यता आहे.

ओलीपावलं
तुमच्या सगळ्यांच्या नादाने तृतीयेला परत गेले. पाऊणने गुणून सव्वादोनची भरती. साडेबारालाच जाऊन पुलाच्या टोकाला बसले. पाणी पुढे येत होतं आणि त्याच्या कडेने पक्षी चालत येत होते, अगदी शेकाट्या म्हणाले तसे. जवळ आले तेव्हा कळलं की मागच्या वेळचे "ठिपके" एका जातीचे नव्हतेच. वाकड्या चोचीचे कुरल सावकाश एकेक पाऊल टाकत, छोटे टिलवे शिवणयंत्रासारखे टोचत, आणि एक चिखल्या दोन पावलं धावून थबकत. शेजारी शेजारी, पण एकमेकांच्या ताटात हात नाही.

दोनच्या सुमारास चिखल बुडाला. बरेचसे थवे उठून मिठागरांच्या दिशेने गेले. मला वाटलं संपलं. तेवढ्यात पाच-सहा लहान कुरल परत फिरले आणि सरळ तिवराच्या शेंड्यावर बसले! फांदी वाकतेय, ते पंख सावरतायत. खाली मुळांवर लाल पायांचे चार जण एका ओळीत. तासभर हलले नाहीत. झाडांत की झाडांबाहेर विचारत होते, ते दोन्हीकडचे एकाच फांदीवर बसलेले दिसले.

हिरवागार, तुमच्या जागेवर पुढच्या हिवाळ्यात मोजायला जाणार असाल तर मी येते. तिथी मी काढीन.

हिरवागार
या. दोन जागा आहेत. एकीकडे जुनी तोडलेली खुंटं सापडली होती, दुसरीकडे नाही. दुसऱ्या जागेवर यंदा नवीन रोपं लावणं थांबवतोय, मोजणी होईपर्यंत. गटात भांडण होणार, होऊ दे.

ओलीपावलं
आणि तो कुरकुऱ्या अजून तिथेच आहे. तोच कोपरा, तोच राग. या वेळी फोनवर आवाज टिपला. कर्र-कर्र, मग कीट-कीट, मग पुन्हा कर्र. एकदा शेपूट दिसली, तपकिरी. आकाराने बुलबुलाएवढा असावा.

खाजणातला
ऐकला. बोरू वटवट्या, मोठा आणि आरडाओरडा करणारा. नावात बोरू असला तरी मुंबईच्या बाजूला तिवरांत घरटी करतो. मार्चनंतर पुन्हा जा, तेव्हा गातो. आता नुसता कुरकुरतोय.